पळस पडतो तेव्हा

गोटमारीचा शेवट डोळ्यांच्या आधी कानांना कळतो. दिवसभर जाम नदीवर एकच आवाज भरून असतो. दगड दगडावर आपटतो त्याचा कोरडा टक्क, पाण्यात पडतो त्याचा डुबुक, कुणाच्या तरी टिनावर आदळतो त्याचा खणखणाट, आणि या सगळ्याच्या वर दोन्ही काठांची आरोळी. मग तिसऱ्या प्रहरी केव्हातरी या गोंगाटातून एक वेगळाच आवाज वर येतो. ठक्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा ठक्. तो लाकडावर पडलेल्या कुऱ्हाडीचा आवाज असतो. गच्चीवर शेंगदाणे खात बसलेली माणसं तो ऐकून उठून उभी राहतात. लहानपणी आजोळच्या गच्चीवर माझा खांदा धरून आजी म्हणायची, "पाह्य बापू, आता झेंडा काई राह्यत नाई." ती सावरगावची, म्हणजे झेंडा राखणाऱ्यांच्या बाजूची. तरी तिच्या आवाजात उत्सुकताच असायची.

खेळाबद्दल लिहिणारे बहुतेक जण दगडांबद्दल लिहितात. वर्तमानपत्रांतही दुसऱ्या दिवशी जखमींचा आकडा येतो आणि रक्ताने माखलेल्या एखाद्या पोराचा फोटो. मला मात्र वाटतं की गोटमारीत रसिकाने बघावं असं जे आहे ते तिच्या शेवटच्या अर्ध्या तासात आहे. तो शेवट इतका बांधेसूद, इतका अर्थाने भरलेला आहे, की त्याच्यासाठी मी सौंसरहून, नागपूरहून, नोकरीच्या गावाहून, जिथून जमेल तिथून दरवर्षी येत राहिलो.

जागा आधी डोळ्यांपुढे आणावी लागेल. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या माणसाला नावाने हाक मारावी आणि त्याने ओ द्यावी, इतकंच अंतर. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. पण कागदावर जिल्हा होण्याच्या कितीतरी आधीपासून हा सगळा मुलूख वर्षातून एका दिवशी या नदीवर गोळा होत आला आहे. मध्य प्रदेशात असूनही इथली बोली मराठी, सण वऱ्हाडातले, संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेतं थेट काटोल-वरूडशी नातं सांगणारी. पोळ्याचा सणही तसाच. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी, अमावास्येला तोरणाखाली बैल आणि झडत्या, दुसऱ्या दिवशी पाडवा. नागपुरात त्या पाडव्याला काळी-पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, गावाची इडापिडा गावाबाहेर नेली जाते. आमच्याकडे त्याच दिवशी गोटमार असते. गोटा म्हणजे दगड, आणि मार म्हणजे मार. नावात काही लपवलेलं नाही.

पाडव्याच्या पहाटे सावरगावकर नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात. रानातून ते तोडून आणायचा मान सावरगावातल्या एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. झाडाला झेंडा, नारळ, तोरण, हार. पूजा होते. दोन्ही गावचे लोक येऊन हात जोडतात, बाया ओटी भरतात. तेव्हा तिथे वैर नावालाही नसतं. नंतर दिवस वर येतो, माणसं आपापल्या काठाला जातात आणि पहिला दगड उडतो.

आता खेळाची रचना पाहा. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, यातच तिची गंमत आहे. कबड्डीत दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करतात. इथे पाळी बदलत नाही. पांढुर्णेकरांनी नदीत उतरायचं, झाडापर्यंत पोहोचायचं, ते तोडायचं आणि घेऊन यायचं. सावरगावकरांनी ते होऊ द्यायचं नाही. एकाला मिळवायचं आहे, दुसऱ्याला राखायचं आहे. ज्याला मिळवायचं आहे त्याला उघड्यावर यावं लागतं. ज्याला राखायचं आहे त्याच्या बाजूला काठ आहे, दगड आहेत आणि वेळ आहे. सूर्य मावळेपर्यंत झाड उभं राहिलं तर सावरगावची सरशी. म्हणजे घड्याळ सावरगावच्या बाजूने आणि हिंमत पांढुर्ण्याच्या. इतका साधा आणि इतका ताणलेला सामना मी दुसऱ्या कुठल्या मैदानावर पाहिला नाही.

त्यात झाड पळसाचं. सागाचं नाही, बाभळीचं नाही, पळसाचंच. पळस आमच्या भागाला नवा नाही. पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडात दारापुढे पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतात आणि पाडव्याच्या सकाळी घरातली रोगराई घेऊन जा असं म्हणत त्या गावाबाहेर टाकतात. नदीतला हा झेंडा मला नेहमी दोन गावांनी मिळून ठेवलेला एक मोठा मेढाच वाटत आला आहे. शिवाय पळसाच्या लाकडाचा एक गुण आहे, तो कुऱ्हाड चालवणाऱ्यालाच कळतो. ते टणक नसतं, पण पाण्यात लवकर कुजत नाही. म्हणून जुन्या काळी विहिरीच्या तळाशी पळसाचं लाकूड घालायचे. सालीला आणि मुळांना चिवट वाख असतो, त्याचे दोर वळतात. अशा ओल्या, वाखाळ खोडावर कुऱ्हाड घातली की ती रुतते आणि अडकते. सपकन तुटणं नाहीच. एक घाव, मग कुऱ्हाड हलवून सोडवायची, मग दुसरा घाव. आणि प्रत्येक घावाला काठावरून दगड. शेवटाला जो ताण येतो तो निम्मा या लाकडाने आणलेला असतो.

सकाळचा खेळ मी फार मन लावून बघत नाही. तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना चाचपत असतात. पांढुर्ण्याची पोरं पाण्यात उतरतात, चार पावलं पुढे जातात, तिकडून मारा झाला की मागे फिरतात. मग सावरगावची पोरं त्यांना पार काठापर्यंत रेटत नेतात. लाटेसारखं हे पुढे-मागे चालतं. काठावरून ओरडा होतो, ‘भगाओ, भगाओ!’ जखमी झालेला माणूस पट्टी बांधून, चंडीमातेची भभूत लावून परत येतो. दुपारी थोडं मंदावतं. माणसं जेवून येतात.

आणि मग तो प्रहर सुरू होतो.

पहिल्यांदा पांढुर्ण्याच्या काठावरची गर्दी आकार बदलते. इतका वेळ ती लांबट पसरलेली असते, आता एका जागी दाट होते. जाणत्या माणसाची नजर तिथे जाते, कारण त्या दाटीच्या आत कुऱ्हाडी आल्या आहेत. मग ‘चंडी माता की जय’चा घोष होतो आणि ती दाटी फुटून पाण्यात येते. सकाळच्या चढाया आणि या चढाईत फरक आहे. सकाळी प्रत्येक पोरगा आपल्यापुरता खेळत असतो. आता मात्र कुऱ्हाडवाला मधे आणि त्याच्या पुढे, बाजूला दगड फेकणारे. ते स्वतः झाडाकडे जात नाहीत, सावरगावच्या काठावर सतत मारा करून समोरच्यांना मान वर काढू देत नाहीत. त्या दोन-तीन मिनिटांत कुऱ्हाडवाल्याला झाड गाठायचं असतं. पाऊस झाला असेल तर पाणी मांडीपर्यंत, खाली शेवाळलेले गोटे. धावता येत नाही, पाय चाचपत टाकावा लागतो. वरून दगड येत असताना खाली बघून चालणारा माणूस मी पाहिला आहे. त्याच्याइतका एकाग्र माणूस मला नंतर कुठे दिसला नाही.

तो झाडाजवळ पोहोचतो. एका हाताने खोड धरतो, दुसऱ्या हाताने पहिला घाव घालतो. ठक्. इथे गच्चीवरचं सगळं बोलणं थांबतं.

बहुतेक वेळा पहिल्याने काम होत नाही. तो दोन-तीन घाव घालतो, दगड लागतो, खाली बसतो, त्याला ओढून मागे नेतात. कुऱ्हाड खोडातच राहते. ती खोडात रुतलेली एकटी कुऱ्हाड, आजूबाजूला कोणी नाही आणि दोन्ही काठांवरच्या हजारो नजरा तिच्यावर, हे दृश्य माझ्या दृष्टीने गोटमारीतलं सर्वांत सुंदर दृश्य आहे. आता प्रश्न एवढाच की तिथे आधी कोण पोहोचेल. सावरगावचा पोहोचला तर कुऱ्हाड गेली. पांढुर्ण्याचा पोहोचला तर घाव पुढे चालू. एका वर्षी दोघं एकाच वेळी निघाले. सावरगावचा पोरगा हलका होता, त्याच्या बाजूने पाणी उथळ होतं, तो आधी येणार हे दिसत होतं. आणि तो शेवाळावरून घसरला. अगदी थोडा, एक गुडघा टेकला, लगेच उठला. पण तेवढ्यात पांढुर्ण्याच्या हाताने दांडा धरला होता. माझी आजी हळूच म्हणाली, "गेला." त्यानंतर पाच की सहा घाव झाले असतील. झाड आधी तिरपं झालं, मग झेंडा पाण्याला टेकला, मग खालच्या वाखाने थोडा वेळ लोंबकळत राहिलं, कुणीतरी ते पिळून तोडलं.

वैराच्या सामन्याचा शेवट कसा असावा, हा विचार माझ्या मनात आला की मला दूरचा एक सामना आठवतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन विद्यापीठं अशीच शेजारी, मोटारीने अर्ध्या तासात जाता येईल अशा दोन गावांत. त्यांचं बास्केटबॉलमधलं वैर तिथल्या घराघरांत वाटलेलं आहे. २ मार्च १९७४ला चॅपल हिल इथे त्यांचा सामना होता. १७ सेकंद उरले होते आणि ड्यूक ८६–७८ असं पुढे होतं. त्या काळी लांबून टाकलेल्या चेंडूचे तीन गुण नव्हते. आठ गुण म्हणजे आठच. नॉर्थ कॅरोलायनाच्या बॉबी जोन्सने दोन फ्री थ्रो टाकले. मग ड्यूककडून चेंडू दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा बास्केट झाली. ड्यूकच्या खेळाडूचा फ्री थ्रो चुकला. तीन सेकंद असताना वॉल्टर डेव्हिस या पहिल्या वर्षाच्या पोराने लांबून चेंडू फेकला, तो फळीवर आपटून आत गेला. ८६–८६. जादा वेळेत नॉर्थ कॅरोलायना ९६–९२ने जिंकलं. तिथली माणसं आजही ‘१७ सेकंदांत ८ गुण’ एवढंच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं. आमच्याकडे ‘कुऱ्हाड खोडात होती’ म्हटलं की कळतं, तसंच.

त्या शेवटाचा मोठेपणा मी मानतो. ड्यूकचा तो चुकलेला फ्री थ्रो आणि शेवाळावर टेकलेला तो गुडघा माझ्या लेखी सख्खे भाऊ आहेत. दोन्हींत दोष कुणाचाच नाही, आणि दोन्हींशिवाय शेवट घडला नसता. पण तिथे भोंगा वाजला की सामना संपतो. एक बाजू मैदानावर धावत येते, दुसरी मान खाली घालून निघून जाते. गोटमारीत भोंगा वाजल्यावरच खरी गोष्ट सुरू होते, आणि या एका बाबतीत मी आमच्या नदीला वरचं स्थान देतो.

झाड पडलं की दगड थांबतात. कुणी शिट्टी वाजवत नाही, कुणी हात वर करत नाही. क्षणापूर्वी जो हात मागे गेला होता तो तसाच खाली येतो, आणि त्यातला गोटा पाण्यात पडतो. पाण्यातून वाट काढत सावरगावची माणसं पुढे येतात आणि पांढुर्ण्याच्या माणसांनी उचललेल्या त्या झाडाला खांदा देतात. दोन्ही गावं मिळून ते चंडीमातेच्या देवळात नेतात. वाटेत ढोल असतात. पट्ट्या बांधलेली डोकी दोन्हीकडची असतात आणि कोणती कुठल्या काठाची हे ओळखता येत नाही.

हे इतक्या लवकर कसं होतं? दिवसभराचा राग एका घावाने कसा जातो? पुष्कळ वर्षं मला याचं उत्तर नव्हतं. ते त्या कथेतच आहे, जी आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पांढुर्ण्याच्या एका तरुणाचं सावरगावच्या मुलीवर प्रेम होतं. तो तिला घेऊन नदी ओलांडत असताना सावरगावच्या लोकांनी पाहिलं आणि दगड मारायला सुरुवात केली. ते पाहून पांढुर्ण्याच्या लोकांनी तिकडे दगड मारले. दोन्हींच्या मधे नदीत ते दोघं मेले. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला आणि दोघांचे देह उचलून त्यांनी चंडीमातेपुढे नेले. (काही जुनी माणसं भोसल्यांच्या फौजेची दुसरी गोष्टही सांगतात, की सैनिक इथे लढाईचा सराव करायचे. ती खरी असेलही. तिच्याने शेवटाचा उलगडा मात्र होत नाही.)

ही गोष्ट समोर ठेवून शेवट पुन्हा पाहा. सावरगाव दरवर्षी आपल्या हाताने नदीत कोणाला उभं करतं? त्याला ओटी का भरतात? पांढुर्णा दगड खात येतो तो कोणाला न्यायला? आणि झाड पडल्यावर दोन्ही गावं ते ज्या पद्धतीने उचलतात, ते मिरवणुकीसारखं आहे की तिरडीसारखं? मला ते दोन्ही वाटतं. ती वरात आहे आणि ती अंत्ययात्रा आहे, एकाच खांद्यावर. जे तेव्हा हातून झालं ते दरवर्षी पुन्हा करायचं, आणि जे तेव्हा उशिरा सुचलं, म्हणजे एकत्र खांदा देणं, ते या वेळी तरी वेळेवर करायचं. पाडव्याच्या दिवशी नागपूरकर मारबतीला पिडा घेऊन जा म्हणतात. आम्ही आमची पिडा स्वतःच्या खांद्यावरून देवळात नेतो.

ज्या वर्षी झाड तुटत नाही, तो शेवट बघायला गर्दी नसते, पण मला तो तितकाच प्रिय आहे. अंधार पडू लागतो, शांतता समितीची माणसं आणि अधिकारी मधे पडतात, दोन्हीकडचे जाणते पाण्यात येतात, थोडं बोलणं होतं. मग झाड सगळ्यांच्या संमतीने काढतात आणि देवळात नेतात. सावरगावने राखलं आणि तरीही दिलं. त्या देण्याला मी हार म्हणायला तयार नाही.

आता दगडांबद्दल बोलायला हवं. शेवटाचं कौतुक करून ते टाळलं तर मी खोटा ठरेन. या नदीत माणसं मेली आहेत. दरवर्षी शेकडो जखमी होतात, कुणाचा डोळा जातो, कुणाचा हात कायमचा वाकडा होतो. १९७८ आणि १९८७मध्ये पोलिसांना गोळीबार करावा लागला होता. गोफणीवर बंदी आली, दारूवर आली, जमावबंदी लागते, आता वरून ड्रोन फिरतात. मधे एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. ते चालले नाहीत, लोक पुन्हा गोट्यांकडे वळले. मामाच्या डाव्या भुवईवर खोल व्रण होता, आणि तो व्रण अर्धा इंच खाली असता तर मामाने त्या डोळ्याने मला कधी पाहिलं नसतं. म्हणून मला मनापासून वाटतं की दगड जावेत. गेले पाहिजेत. रबरी चेंडूंचा प्रयोग फसला तो कदाचित फेकण्याच्या जागी फेकणंच दिलं म्हणून. पळस राहू द्या, नदी राहू द्या, पाण्यातून झाडापर्यंत जाणं आणि अडवणं राहू द्या, अंगाने, कबड्डीसारखं. आणि चंडीमातेच्या देवळापर्यंतची ती चाल राहू द्या. खेळाचा जीव जिथे आहे तिथे एकही गोटा लागत नाही, हे मी इतकी वर्षं शेवट बघून सांगतो आहे.

माझी आई सावरगावची. लग्न होऊन ती नदी ओलांडून पांढुर्ण्याला आली. लहानपणी पाडव्याला मी आजोळच्या गच्चीवर असायचो, बाबा समोरच्या काठावर, मामा पाण्यात. आई दोन्हीकडे नसायची. ती आमच्या घरी चुलीपाशी असायची. तिने गोटमार एकदाही पाहिली नाही. झेंडा देवळात पोहोचला की मामा पूल ओलांडून आमच्याकडे यायचा, कपाळाला भभूत, सदरा ओला. बाबा त्याला आपला कोरडा सदरा द्यायचे. झेंडा तुटला की राहिला हे आई विचारायची नाही. ती मामाला चुलीजवळ बसवायची, कंदील जवळ घेऊन त्याच्या डोक्यावरून, कानामागून, मानेवरून बोटं फिरवत राहायची, आणि मग दोघांची ताटं एकदमच वाढायची. आदल्या दिवशीची पुरणाची पोळी, वर गरम दूध.